मंगनीचं सरबत

९ मार्च १९६४, सोमवार, देरा, दुबई. रक्कम साडेचार रुपये. तेव्हा तिथे दिरहम नव्हता, रुपयाच चालायचा. हजर तिघे: मी, आमच्या कंपनीचे इंग्रज मॅनेजर आणि ऑफिसातला गोव्याचा टायपिस्ट. साहेब कायमचे विलायतेला निघाले होते आणि घरातलं सामान विकत होते. मी एक काचेची बरणी घेतली. तिच्या तळाशी आल्याचा गढूळ चोथा होता. तो जिवंत आहे, असं साहेबांनी सांगितलं. रोज त्याला चमचाभर साखर आणि चमचाभर सुंठ घालायची. आठवड्याने वरचं पाणी गाळायचं, त्यात लिंबू आणि साखरपाणी मिसळायचं, बाटल्यांत भरून बुचं मारायची. चार दिवसांत फेसाळ सरबत तयार.

शेवटी जाता जाता साहेब म्हणाले, चोथा दर आठवड्याला दुप्पट होतो, अर्धा कुणाला तरी देऊन टाकत जा.

शेजारी कुणी घेईना, आणि चांगली वस्तू फेकायची आमच्या रत्नागिरीच्या घरात रीत नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन बरण्या झाल्या, तिसऱ्यात चार, पाचव्यात सोळा. मग बरण्या बंद करून पाण्याची दोन पिंपं आणली. पिंपांना खाली तोट्या बसवल्या. साधी बुचं उडायला लागली, तेव्हा तारेने आवळायच्या बुचांच्या बाटल्या घेतल्या. उन्हाळा वाढला तसं सगळं घरावरच्या, वारा खाली ओढणाऱ्या हवेच्या बुरुजाखाली हलवून त्यावर ओली गोणपाटं टाकली. आता बुचं उडत नसत, अख्खी बाटलीच फुटे. शेजारच्या अरब म्हाताऱ्याने एकदा अदबीने विचारलं, तुमच्या घरात रोज दुपारी शिकार कोण करतं?

ऑगस्टमध्ये थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील मूळचे श्रीवर्धनचे, पलीकडच्या किनाऱ्यावर खोर फक्कानला लाँचींच्या मालाचा व्यापार करणारे. ते दोन बाटल्या प्यायले. मुलगी पसंत पडली आणि सरबतही.

"मंगनीला दुसरं काही नको," ते म्हणाले. "हेच ठेवा. चार डझन तरी लागतील."

पाहुणे गेल्यावर बायकोने ताटं उचलली आणि विचारलं, "अहो, बाटली फुटते ती कशाने?"

"आतल्या वायूने."

"आणि वायू कशाने होतो?"

"साखर आंबते."

"आणि आंबलं की त्याचं काय होतं?"

मी उरलेल्या बाटल्या मोजू लागलो.

"मंगनीत, तेही मुसलमानाच्या घरी, दारू पाजली असं उद्या निघालं, तर पोरीला कोण करून घेईल? आधी ठरवा. तोवर या घरात कुणी थेंब घ्यायचा नाही."

मला मोजमाप हवं होतं. द्रवाचं वजन मोजणारी काचेची नळी बॅटरी तपासायला मोटारीच्या गॅरेजात असते, असं कळलं. एक बाटली घेऊन तिकडे गेलो. पठाण मेकॅनिकने नळी बुडवून पाहिली आणि म्हणाला, "सेठ, बॅटरी खलास. नई लेना पडेगा."

मग टायपिस्टला विचारलं. तो ख्रिस्ती, त्याला पिण्याची मनाई नव्हती आणि दारूची ओळख जुनी होती. "पात्रांव," मालकाला म्हणावं तसं तो म्हणाला, "ह्या कामाला अनुभव लागतो." एका बैठकीचे दोन रुपये ठरले.

पहिल्या शुक्रवारी तो आमच्याकडे बिर्याणी जेवला आणि पिऊ लागला. चार बाटल्या झाल्यावर मी विचारलं, "कळलं का?"

"अजून नक्की नाय. पाचवी बघतो."

आठवी संपली आणि तो बाजेवर घोरू लागला.

"लागला निकाल," बायको म्हणाली.

मी म्हटलं, एका परीक्षेवरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या शुक्रवारी त्याच्या नकळत लिंबू, आलं आणि साखर घातलेला ताजा सोडा दिला. त्या दिवशी तो सातव्या बाटलीलाच झोपला. उठल्यावर म्हणाला, "आजची कडक होती."

म्हणजे झोप बिर्याणीची असावी. तिसऱ्या शुक्रवारी त्याला उपाशी ठेवून खरं सरबत पाजलं. तो झोपला नाही, पण माझा हात धरून रडू लागला. दारूने रडला की भुकेने, हे ठरवता येईना.

"ज्याची शंका येते ते सोडून द्यावं," बायको म्हणाली. "एवढं तर लहानपणीच शिकवलंय आपल्याला. आणि त्यांनाही जाऊन सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट."

जीपने दगडांतून आणि वाळूतून दिवसभर हाडं खिळखिळी करत खोर फक्कानला पोचलो. मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलं. मुलीचं लग्न मोडलं, असं मी मनाशी धरून चाललो.

"म्हणजे मी प्यायलो त्या दोन?"

"सांगता येत नाही."

"पण मला काहीच झालं नव्हतं."

"परत येताना तुम्ही जीपमध्ये झोपला होता, असं तुमचे चिरंजीव आत्ताच दारात म्हणाले."

"जीपमध्ये मी नेहमीच झोपतो."

"घोळ तोच आहे," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "ओळखून प्यायलो नाही, अल्ला माफ करील," ते म्हणाले. "पण स्वतःच्या सरबतावर शंका घेऊन माणूस एवढ्या लांब येतो, त्याच्या घरची मुलगी मला हवी. सरबत खलास. लिंबूपाणी करा."

मंगनी लिंबूपाण्यावर झाली. त्याआधी सगळ्या बाटल्या आणि दोन्ही पिंपं खाडीत रिकामी केली. उचलाउचलीला टायपिस्ट आला होता. संपेपर्यंत तो काठावर टोपी काढून उभा राहिला, आणि मग त्याने हिशेब मांडला: तीन बैठकींचे सहा रुपये, आणि हे बघावं लागलं त्याचे दोन. मी घासाघीस केली नाही. टायपिस्टला आठ रुपये रोख दिले.