बोरू तासायचा चाकू

माझ्यासाठी चाकू निवडायला आमच्या ओटीवर तीन पुरुष बसले होते आणि चाकू जिच्या हातात जायचा ती मी आत नागलीच्या भाकऱ्या थापत होते. एक माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. दुसरे आमच्या घरचे, जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून. आणि तिसरे मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. हे गृहस्थ रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा प्यायला यायचे आणि जाताना कुणी मागितलेला नसला तरी सल्ला ठेवून जायचे.

मला चाकू कशाला हवा होता ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही भलतंच समजाल. मी जव्हारच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळा म्हणजे एका देवळामागची पडवी. वरच्या वर्गातल्या मुली पाटीवरून कागदावर आल्या होत्या आणि तेव्हा कागदावर लिहायचं ते बोरूने. ओढ्याकाठची बोरूची कांडी आणायची, तिचं टोक तिरकं तासायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. चीर चुकली की शाई ओघळते आणि अक्षराच्या जागी डाग पडतो. थोडं लिहिलं की टोक बसतं, पुन्हा तासावं लागतं. आमच्या शाळेत तासायला काही नव्हतं, कारण बाईच्या हातात चाकू शोभत नाही, असं हेडमास्तरांचं मत होतं आणि त्यांचं मत म्हणजे गावचा कायदा. मुलींचे बोरू जुडी बांधून त्यांच्या शाळेत जायचे आणि त्यांची मर्जी झाली की परत यायचे. तोवर मुली बिचाऱ्या श्लोक म्हणत बसायच्या. मग हेच गृहस्थ गावभर सांगायचे की मुली श्लोक झकास म्हणतात हो, पण लिखाण काही त्यांना जमत नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

दिवाळीनंतर शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे तपासनीस, यायचे होते. मुलींनी त्यांच्यापुढे शुद्धलेखन लिहून दाखवलं तर वरचा वर्ग राहणार, नाहीतर तो मोडून सगळ्यांना शिवणकामाला बसवणार. हे मला हेडमास्तरांनीच सांगितलं आणि सांगताना त्यांचा आनंद काही लपेना. माझा मात्र जीव टांगणीला लागला. त्या मुलींचा हात धरून मी त्यांना बाराखडीपासून वर आणलं होतं. सुईदोरा काय, त्यांच्या आयाही शिकवतील.

म्हणून मी घरी चाकू मागितला. मामंजी म्हणाले, घरात विळी आहे की. विळी काखोटीला मारून सूनबाई भर पेठेतून शाळेला निघाल्यात, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं नसावं. शिवाय विळीने बोरू तासायला गेलं तर तो उभा चिरतो, पडवळासारखा.

मग निवड सुरू झाली. आमच्या घरच्यांनी मोखाड्याच्या बाजारातून एक चाकू आणला. मोखाडा इंग्रजी हद्दीत, म्हणून तिथली चीजवस्तू विलायतीच असणार, अशी त्यांची श्रद्धा. शिंपल्याची मूठ, करंगळीएवढं पातं. दुकानदाराने खास बायकांचा म्हणून दिला होता. त्याने पिकलं केळं कापलं नसतं, नुसतं दुखावलं असतं. तेव्हा मामंजींनी स्वतः लक्ष घातलं. त्यांनी चांगला जाड पात्याचा चाकू मिळवला आणि माझं बोट कापू नये म्हणून लोहाराकडे नेला. लोहाराने पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे, मालक, धार लावायची ना? मामंजी म्हणाले, काढायची. तो बोथट चाकू ओटीवर सगळ्यांना एकदम पसंत पडला. पुढे मामंजी त्याने पानाला चुना लावायचे.

त्याच वेळी डोंगरातल्या बाया मोळ्या घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. एकेकीच्या कमरेला हातभर कोयता. बाईच्या हाती पातं द्यावं की नाही, याचा वर खल चालला होता आणि पायरीशी त्या विचारत होत्या की लाकडं कुठं टाकू. या दोन्ही गोष्टी एकाच ओटीपाशी चालल्या होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

माझं डोकं फिरलं. पिठाने भरलेल्या हातांनी मी बाहेर आले आणि मला कापणारा चाकू हवा, असं चांगलं मोठ्याने म्हटलं. सून परक्या पुरुषासमोर बोलली म्हणून मामंजींचा अडकित्ता हातातच थांबला. हेडमास्तर मात्र डगमगले नाहीत. त्यांनी ठेवणीतलं काढलं. म्हणाले, चाकू आपल्या माणसाला भेट देऊ नये, नातं तुटतं, हे तुमच्या घरात ठाऊक नाही का? आमच्या घरच्यांचं तोंड उतरलं. नवरा-बायकोचं तुटलं तर? मामंजी देईनात, सुनेची माया तुटेल. भावाला सांगावं तर माहेर तुटायचं. सगळ्यांची माझ्यावर माया अशी उतू चालली की बोरू तासायची सोय राहिली नाही.

तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "मी आणते. आम्हां दोघींत तुटण्यासारखं आहेच काय!"

तिघे खो खो हसले. मलाही हसू आलं, कारण खरंच होतं ते. एका चुलीपुढे बसून आम्ही मीठ घातलंस का, पाणी तापलं का, एवढंच बोलायचो. त्या मला आवडत नव्हत्या आणि त्यांना मी.

त्यांचं माहेर खोडाळ्याला. दिवाळीला गेल्या तेव्हा मलाही गाडीत घेतलं आणि बाजाराच्या दिवशी चाकू-कोयते विकणाऱ्यापुढे जाऊन बसल्या. ओच्यात त्यांनी बोरूच्या कांड्या आणल्या होत्या. एकेक चाकू उघडायचा, कांडीवर चालवून बघायचा, नाक मुरडून परत ठेवायचा. विकणारा रडकुंडीला आला. शेजारी काकड्या घेऊन बसलेली डोंगरातली म्हातारी कौतुकाने बघत होती. तिने मला विचारलं, "एवढी म्होटी झाली, नि तुला अजून पातं नाय?" काय सांगणार कपाळ! शेवटी सासूबाईंनी लाकडी मुठीचा, घडीचा एक साधा चाकू माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, धरून बघ. इतक्या खटाटोपात मला कुणी धरून बघायला सांगितलं ते तेवढंच. मी बोरू तासला. चीर सरळ गेली.

घरी आल्यावर त्यांनी तो चाकू माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. पातं कधी हातात देत नाहीत, ही रीतच. पण मी उचलताना म्हणाल्या, "हा मी तुला दिला नाही हो. माझा आहे. तू वापर." मला झोंबलं ते. एवढासा चाकू, तोही सोडवेना! सासू ती शेवटी सासूच, असं म्हणून मी तो कनवटीला खोचला.

दिपोटी आले. मुलींनी लिहिलं, आणि काय लिहिलं! मधेच एकीच्या बोरूचं टोक बसलं. मी चाकू काढून तिथल्या तिथे तासून दिला आणि ती पुढची ओळ लिहू लागली. हेडमास्तर छताकडे बघत होते. दिपोटींनी कागद पाहिले, मान डोलावली, वर्ग राहिला. मला रडू येईल असं वाटलं. पण पायरी उतरताना हेडमास्तर त्यांच्या कानाशी लागले आणि दिपोटी मागे वळून म्हणाले, शाळेचा चाकू हेडमास्तरांच्या ताब्यात असलेला बरा, उगाच जोखीम नको. म्हणजे बोरूंची जुडी पुन्हा निघाली तिकडे.

घरी येऊन मी रागाने रडले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र लुगडं बदलून माझ्याबरोबर शाळेत आल्या आणि मुलींच्या मागे भिंतीला टेकून बसल्या. जन्मात त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. हेडमास्तर आले, हात पुढे केला आणि म्हणाले, बाई, चाकू.

"चाकू माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. "शाळेचा नाही, हिचाही नाही. हवा तर मला मागा."

हेडमास्तर गडबडले. म्हणाले, तुम्ही तर तो सुनेला दिलात.

"चाकू देऊ नये, हे तुम्हीच सांगितलंत ना मास्तर? मी कशी देईन?"

हेडमास्तरांनी मग मागून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, नाही देत. शाळेच्या वस्तूवर त्यांचा अधिकार होता, कारकुनाच्या आईच्या वस्तूवर संस्थानातल्या कुणाचाच नव्हता. ते गेले. पुढे बरेच दिवस आमच्याकडे चहाची साखर पुरली.

त्या चाकूने मी मुलींच्या किती पिढ्यांचे बोरू तासले, आठवत नाही. मूठ एकदा सुतारानं बदलून दिली. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा मी त्याच चाकूने त्यांना पेरूच्या फोडी करून भरवत होते. तोवर आम्ही मिठापाण्यापलीकडचंही खूप बोलायला लागलो होतो. एकदा धीर करून विचारलं, आता तरी हा माझा म्हणू का?

"नको गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी तुटलेलं मला चालायचं नाही."

आठवड्याभरात त्या गेल्या. चाकू अजून त्यांचाच आहे.