चांगुणाचं विचारणं

अंथरूण धरायच्या आधी आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र काय केलं म्हणाल, तर जेवलो. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी दोनदा वाढून घेतलं. चांगुणानं, म्हणजे माझ्या बायकोनं, टोप पुसून घेतला. आधीच काढून ठेवलेली एक वाटी तिनं जेवण झाल्यावर माझ्या धाकट्या भावाच्या घरी दिली. आमची घरं ठाण्याच्या कोपरीत लागून आहेत. पण दिवस कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे. ती कोणाच्या हातात काही देत नसे. वाटी मधल्या गडग्यावर ठेवायची, चार पावलं मागं सरकायची आणि हाक मारायची. तशीच मारली.

थोड्या वेळानं भावजय सुमन तिच्या ओट्यावरून ओरडली, "अगो बाय, कालवनात अख्खा मिठागर वतलास का काय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. चांगुणानं टोपात बोट फिरवून चाटलं. "मना तं काय लागत नाय. तुमाला?" मी चाटलं. नुसतं पाणी. आम्ही दोघं मिठागरावर राबलेली माणसं, तिथंच एकमेकांना बघून लग्न केलेली. नुसत्या खड्यावरून कुठल्या पाण्याचं मीठ ते सांगायचो, आणि आम्हाला कालवणातलं मीठ कळेना.

दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. ही उठली आणि फडताळ उघडलं. हिंगाची डबी नाकाला लावली, मग लोणच्याची बरणी, मग सुक्या बोंबलांचा डबा. "आवो, बोंबील पन गेला! वास असा एकदम जातो, का हलूहलू जातो? सकाली व्हता का? इचार करा ना जरा."

मी बोललो, "अगं बाई, आपल्याला कोविड झालाय."

"ता कलला मना. पन आला कुठनं?"

चांगुणा अशीच. तिला कुठलीही गोष्ट झाली याचं एवढं काही वाटायचं नाही, ती कशी झाली याचं वाटायचं. गॅसवाला आला तर त्याला विचारायची, भरलेला सिलिंडर खांद्यावर नेतोस की पाठीवर, आणि झोपतोस कुठल्या कुशीवर. मी शेवटी शेवटी एका कंपनीत वॉचमन होतो. मी कामावरून आलो की विचारायची, आज गेटातून कोण आलं, कुठल्या गाडीतून आलं, हसून गेलं की तोंड पाडून. मी बोलायचो, "गाडी आली, गाडी गेली. मला काय करायचंय?" त्यावर तिचं ठरलेलं, "इचारल्याशिवाय कलनार कसा? मानूस म्हंजे बोंबलाचा डबा. उघरल्याबिगर आत काय हाय ता कलत नाय."

मी चौथी शिकलोय, ती तेवढीही नाही. पण गावातल्या कुठल्या घरात काय शिजतं, कोणाचं पोट कशानं दुखतं, ते तिला माहीत. आणि चुगली म्हणून नाही. तिला खरंच नवल वाटायचं. आजही मला कळत नाही की सत्तरीच्या घरात आलेल्या बाईला रोज उठून एवढं नवल कशाचं वाटायचं.

जपायची म्हणाल तर आमच्या आळीत तिच्यासारखं कोणी जपलं नाही. दारात साबणाच्या पाण्याचं घमेलं. दुधाची पिशवी धुवायची, भाजी उन्हात टाकायची, जुन्या लुगड्याचे मास्क शिवलेले. पुतण्याच्या हळदीला गेली नाही. आमच्या आगरी लोकांत घरच्या हळदीला न जाणं म्हणजे काय, ते आमच्या माणसांनाच कळेल. लग्न एक वेळ चुकवाल, हळद नाही. सुमन महिनाभर घुश्शात होती. ही मात्र आपल्या ओट्यावर बसून फोनवर विचारत होती, "मटन कुनी केला? नवरदेवाची मावशी काय नेसली? डीजे आनला का चोरून?" हळदीत नाचलेले सगळे ठणठणीत राहिले. आम्ही दोघं घरात बसून आडवे झालो.

म्हणून तो प्रश्न तिला सोडवेना. ताप चढलेला, अंग मोडून आलेलं, तरी ही गोधडीत पडून एकेकाला उभं करत होती. दूधवाला? तो तर लांबून पिशवी टाकतो. मीटर बघायला आलेला? त्यानं मास्क नाकाखाली घातलेला. मांजर? मी बोललो, "आता मांजराला पण धर." ती बोलली, "धरला तं काय झाला? मांजर घरोघर जाते."

मुलगा कळव्याला राहतो. त्यानं खूप फोन केले, ठाण्यात दोन खाटा एका जागी मिळाल्या नाहीत. कल्याणला एका मोठ्या हॉलमध्ये सोय केलेली, तिथं मिळाल्या. ॲम्ब्युलन्समध्ये मी डोळे मिटून पडलेलो. ही जाळीतून ड्रायव्हरला विचारतेय, "ए दादा, तुजे त्या प्लास्टिकच्या कपड्यात घाम आला तं जातो कुठं?"

"बुटात जातो, आजी."

"अगो बाई! मंग बुटातून?"

ड्रायव्हर हसायला लागला. बोलला, "आजी, तुम्ही पहिल्या पेशंट. बाकीचे फक्त विचारतात, मी वाचेन का."

हॉलमध्ये मध्ये प्लायवूडची भिंत घातलेली. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. भिंत जिथं संपायची तिथं गरम पाण्याची टाकी होती. तिथं वीतभर फट होती. ज्याला चालवतंय त्यानं बाटली भरायला जायचं. आम्ही दोघं तिथं भेटायचो. ती फटीतून बोलायची, मी अलीकडून ऐकायचो.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आवो, भीती वाटते का तुमाला?"

मी खोटं बोलत नाही. बोललो, "वाटते."

"मनापन वाटते. कुठं वाटते तुमाला? मना पोटात वाटते, हितं, बेंबीच्या वर."

असं मला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी जरा थांबून अंदाज घेतला आणि बोललो, "गुडघ्यात."

ती एवढी हसली की खोकल्याची उबळ आली, आणि नर्स धावत आली. नर्सनं मलाच दम दिला, "आजोबा, त्यांना हसवू नका." मी कुठं हसवत होतो? पण खरं सांगतो, त्यानंतर माझी भीती गुडघ्यातच राहिली, वर चढली नाही.

तिच्या शेजारच्या खाटेवर सरिता नावाची डोंबिवलीची तरणी बाई होती. तिची सासू तिच्याबरोबरच दाखल झालेली आणि तिथंच गेलेली. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडायची. जेवायची नाही. नर्सनं ऑक्सिजनचा मास्क लावला तरी नर्स वळली की काढून टाकायची. बाकीच्या बायका तिला सांगायच्या, धीर धर, देव आहे, सगळं बरं होईल. ती ऐकत नव्हती. चांगुणा असलं काही बोलली नाही. ती तिच्या हाताकडं बघत बसली आणि मग विचारलं, "तुजी नखा हिरवी कशी गो?"

सरितानं पहिल्यांदा मान वळवली. "रंगाच्या कंपनीत आहे, काकी. एमआयडीसीत. पॅकिंगला."

"धुतली तरी जात नाय?"

"नाही जात. नख वाढलं की रंग पुढं सरकतो."

"मंग भाकऱ्या करतेस तं भाकऱ्या हिरव्या व्हतात?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. सरिता पण थोडी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बोलली, "काकी, मीच आणला हा आजार. कंपनीतून. आम्ही एवढं जपलं, दारातच अंघोळ करायचे मी, कपडे बाहेर भिजवायचे. तरी माझ्यामुळेच सासूबाई गेल्या."

चांगुणानं हे मला फटीतून सांगितलं तेव्हा तिचा आवाज उतरलेला. मी विचारलं, "मग तू काय बोललीस?" बोलली, "काय बोलनार? गप झाली मी." आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आजार कुठनं आला हा प्रश्न तिनं त्या दिवसापासून टाकून दिला. दूधवाला नाही, मीटरवाला नाही, मांजर नाही. परत कधी त्याचं नाव काढलं नाही. विचारण्यानं पण माणूस दुखावतं, हे तिला तिथं कळलं असावं. का आधीपासून कळत होतं? आता कोणाला विचारू?

तिनं सरिताला दुसरंच विचारलं. "तुजी सासू कशी व्हती?"

आणि सरिता सांगायला लागली. बघायचा कार्यक्रम होता त्या दिवशी सरिता तशीच कामावरून आलेली. पोह्यांची बशी पुढं केली आणि सासूचं लक्ष नखांकडं गेलं. बाईनं बशी खाली ठेवली. "ही माझ्या पिठात हात घालणार?" असं सगळ्यांसमोर बोलली आणि पोराला उठवून घेऊन गेली. आईनं सरिताला मारलं त्या दिवशी. मग काही दिवसांनी तीच सासू एकटी रिक्षा करून परत आली.

"परत आली? का?" चांगुणानं विचारलं.

सरिताला धाप लागलेली. चांगुणानं तिचा हात धरला. "थांब. मास्क लाव. आज ठेवलास तं उद्या आयकीन. काढलास तं मना आयकायचा नाय." सरितानं मास्क लावला आणि ठेवला. पेज पण प्यायली. नर्स बोलली, "काकी, तुमची मालिका चालू झाली वाटतं." काकी बोलली, "हां, नि तुमी मदी मदी जाहिरातीला येता."

दुपारी फटीत आली ती हाच विषय घेऊन. "का आली असंल वो ती परत? एवढा बोलून गेलेली बाय. तुमाला काय वाटते?"

"मला काय करायचंय?"

"तुमाला कदी काय करायचाच नसते!" असं बोलून बाटली घेऊन वळली. पाठमोरी. दोनदा थांबली, भिंतीला हात लावला. तेव्हा मला दिसलं की हिला चालवत नाही. सगळ्या वॉर्डाचा दम मोजत होती, स्वतःचा कोणाला सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा ऑक्सिजन उतरला. डॉक्टर आले, बोलले दुसरीकडं हलवायला लागेल, मशीनवर ठेवायला लागेल. तिनं डॉक्टरला विचारलं, मशीन श्वास घेते तेव्हा आपण काय करायचं, नुसतं पडून राहायचं? डॉक्टर तरुण होता. बोलला, "हो आजी, तुम्ही आराम करायचा." तिला काही पटलं नाही.

स्ट्रेचर टाकीपाशी आणलं तेव्हा मला जवळ जाऊ दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मास्कवरून डोळे हसले. पण बोलली ती सरिताला. मान वळवून, तुटत तुटत, "बाकीचा कुनाला सांगू नको हां. पयला मना."

मला काही बोलली नाही. आमचं काही राहिलेलं नव्हतं. सरिताचं राहिलेलं होतं.

ती मशीनवर फार थांबली नाही. मुलाचा फोन मला संध्याकाळी आला. त्याला दुरून दाखवली, मला तेवढंही नाही. मी फोन उशीखाली ठेवला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बोलला, "धीर धरा." मी बोललो, "तुम्ही झोपा."

सकाळी चहा आला. मी घेतला नाही. पलीकडून आवाज येत होता. नर्स सरिताला विनवत होती, ताई मास्क काढू नका, ताई असं करू नका. कोणीतरी तिला सांगितलं होतं. मी उठलो. बाटली भरलेली होती, तरी घेतली. टाकीपाशी गेलो आणि फटीतून हाक मारली, "सरिता."

ती उठून बसली. एवढी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. आवाजावरून मोठी वाटायची.

"काका," ती बोलली, "काकी..."

"गेली," मी बोललो. "काल. खरं आहे."

ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, कोणाला काही विचारता तर त्याहून येत नाही. मी तसाच उभा राहिलो. गुडघे दुखायला लागले. शेवटी जसं येईल तसं विचारलं, "तुझी सासू. ती परत का आली?"

तिनं डोळे पुसले. "काका, तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

"मला नाही," मी बोललो. "तिला ऐकायचं होतं. मास्क लाव आणि सांग."

नर्सनं मला बसायला स्टूल सरकवलं. सरितानं मास्क लावला. आतून आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी कान फटीला लावला.