दुपट्ट्याआडचे गाल

नागपूरच्या महाल भागातल्या एका ठोक विक्रेत्याने नंदनवन वस्तीतल्या बायकांना फसवले, त्यांच्या तोंडाची कातडी जाळली आणि तो सुटला. मी पोलिसातून निवृत्त झालो, पण ती घटना आठवली की अजून डोके तापते आणि त्याच वेळी हात जोडावेसेही वाटतात.

खबर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दिली. कोणीतरी स्टेरॉइडचे मलम बिनलेबलच्या डबीत भरून 'वांग घालवणारी क्रीम' म्हणून खपवत होते. "आधी चेहरा उजळतो. मग कातडी इतकी पातळ होते की ऊन सोसवत नाही," त्या म्हणाल्या. "पण डबी कुठून घेतली, ते एकही बाई सांगत नाही." कारण उघड होते. या वयात तोंडाला काय फासत होतीस, असे घरच्यांनी विचारले असते.

तक्रारदार नाही, तर गुन्हा कसा नोंदवणार? नागपूरच्या उन्हाळ्यात प्रत्येक बाई दुपट्ट्याने तोंड बांधते. कोण उन्हापायी बांधते आणि कोण लपवायला, हे ओळखणे अशक्य. मी थंडीपर्यंत थांबलो. डिसेंबरात, सूर्य मावळल्यावर, भाजीबाजारात महिला शिपायाला साध्या वेशात उभे केले. तेव्हाही नुसते डोळे उघडे ठेवून भाव करणाऱ्या बायकांशी तिने ओळख वाढवली. सगळ्यांचे बोट एकाच ब्यूटी पार्लरकडे गेले. ठाण्यात यायला मात्र चौघीच तयार झाल्या, त्याही तोंड झाकलेले राहील या अटीवर. मी शब्द दिला.

त्यांत कुही तालुक्याकडची एक काकू होती. जन्म धानाच्या बांधीत, भातशेतीच्या उन्हात गेलेला. आता मुलाकडे राहायला आलेली. ती म्हणाली, "मले गोरं नव्हतं व्हाचं, साहेब. नातवाच्या बारशाच्या फोटोत वांग दिसू नये म्हून लावलं. आता तोच नातू तोंड पाहून रडते. घरातबी बांधूनच राहतो मी."

पार्लरवालीला चौकशीला आणले, तेव्हा चौघी तोंड बांधून बाकावर बसल्या होत्या. मी शिपायापासून वर चढलेला माणूस. चौकशीतही बाजारातल्यासारखी घासाघीस करतो. "माल कोणाचा ते सांग, सहकार्य केल्याची नोंद करतो."

"कोणाचं बिघडलं, साहेब? एक तरी तोंड दाखवा ना."

मी टेबलावर हात आपटला, ओरडलो. ती खुर्चीत आणखी रेलून बसली.

तेव्हा काकू बाकावरून उठली. दुपट्ट्याची पिन काढली. "हे तोंड पाय वं बाई. नीट पाय."

गाल लालभडक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे, आतल्या शिरा दिसत होत्या. मागोमाग तिघींनीही दुपट्टे सोडले.

पार्लरवालीने चौघींचे गाल पाहिले. मग तिने ओला रुमाल मागितला आणि स्वतःचा मेकअप पुसला. खाली तसेच गाल. "मीबी तेच लावून राहिली, काकू. मले तरी कोठं माहीत होतं? शेठनं चांगलं आहे सांगतलं." आणि तिने शेठचे नाव दिले, महालातला तोच ठोक विक्रेता.

काकू आता हिच्या झिंज्या धरते, असे वाटून मी अर्धा उठलो. काकूने स्वतःचा दुपट्टा तिच्या तोंडाला गुंडाळला. "बांध वं. हवा लागली का आग होते."

मी उभाच राहिलो. उभ्या नोकरीत वर्दीचा धाक पाहिला, पैशाचा पाहिला. इतके मोठे मन नाही पाहिले. दुपट्टा देऊन टाकल्यामुळे काकू भर बाजारातून उघड्या तोंडाने घरी गेली. सोबत गेलेली महिला शिपाई सांगत आली, नातू आधी रडला, मग तिच्याच मांडीवर झोपला.

जे माझ्या आवाजाने झाले नाही, ते एका पिनेने झाले. तेव्हापासून मी जबाब घेताना आवाज चढवला नाही. राग गेला असे मात्र नाही.

पार्लरवालीला शिक्षा झाली. कोर्टात शेठच्या वकिलाने विचारले, "बिनलेबलची डबी आमची कशावरून?" पार्लरवालीच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता, शेठ सुटला. दुकान आजही सुरू आहे.

शेठ, त्या बायका चेहरे दाखवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही एकदा त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, त्या डब्या कोणी भरल्या?