पंचमीचे कडबू अन् हैदराबादचे डिमसम
नागपंचमीला पुरणाच्या कडबूंची वाफ सुटली, की हैदराबादचं ते शाकाहारी चिनी हॉटेल आठवून अजून तोंड कडू होतं. चिरायचं नाही, तळायचं नाही असा आमचा तो दिवस; म्हणून हैदराबादेत राहून शहाणा झालेला चुलतभाऊ बीदरहून गेलेल्या मला अन् थोरल्या अक्काला म्हणाला, "इथं सगळं उकडलेलंच असतंय." बांबूच्या टोपलीत कडबूंसारखेच पण बुळबुळीत डिमसम आले. दोन काड्यांनी ते उचलायचा त्याचा तोरा काय सांगावा! अक्कानं हातानंच एक फोडला, तर आत बारीक चिरलेला कोबी. "पंचमीला चिरलेलं कामून खाऊ घालायलास रे?" तो हसला, "इथं कोण बघायलंय, अक्का?" ती उपाशीच उठली. मी मात्र त्याच्यासोबत दात काढत टोपली संपवली. आता दर पंचमीला कडबू वाढताना अक्का एकट्या मलाच विचारते, "विळी देऊ का?"