हातातल्या चपला

माझी मोठी बहीण लहानपणच्या पोलिओपासून बसूनच चालते. घरात, अंगणात, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातही. दोन्ही हातांत रबरी चपला घालायच्या, हात टेकवायचे आणि अंग पुढे ओढायचं. बीबी गावाजवळच्या आमच्या वावरात वेचणीच्या बाया वाकून वाकून दमायच्या. ही खालची बोंडं बसल्या बसल्या वेचत त्यांच्या पुढे निघायची आणि मागे वळून म्हणायची, "काऊन वं बायाहो, तुमाले त पाय हायेत."

ज्या वर्षी बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, त्या वर्षी दिवाळीलाच वेचण्यासारखं फार उरलं नव्हतं. भाऊबीजेला तिनं ओवाळलं. काय हवं, असं मी विचारलं.

"साड्या लय झाल्या. मले शहरातल्या त्या बागेतल्या मोठ्या पाळन्यात बसव. जत्रंत नुसता खालूनच पाह्यला. वरून आपलं वावर दिसते का पाहतो. वावर नाही त अळी तरी दिसन."

सगळे हसले. मी हो म्हणालो.

तयारी मी मनापासून केली. आधी एकटा मोटारसायकलवर जाऊन बाग पाहून आलो. उतार कुठे आहे, सावली कुठे, संडासाचं दार किती रुंद. चाकाची खुर्ची मिळेल का, हे फाटकावरच्या माणसाला दोनदा विचारलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "पाळन्याजवळ गेल्ते का?"

पाळणा मी लांबूनच पाहिला होता.

बायकोही सोबत येणार होती. निघायच्या सकाळी ताईनं आपल्या चपला पिशवीत टाकल्या. तिची पाठ वळल्यावर मी त्या काढून दाराआड ठेवल्या. खुर्ची मिळणारच आहे, असं मनाशी म्हणालो. पण कारण ते नव्हतं. गावात ती जमिनीवरून सरकते, त्याचं मला काही वाटत नसे. त्या गुळगुळीत फरशीवर, शहरातल्या लोकांच्या पायांमधून ती सरकत चालली आहे आणि शेजारी मी आहे, हे मात्र मला नको होतं.

खुर्ची मिळाली. उतार, सावली, सगळं मी सांगितल्यासारखंच निघालं. ताई खुशीत होती. मग पाळणा आला. त्याला लोखंडी पायऱ्या होत्या.

"खुर्ची इथंच राहू द्या," पाळणेवाला आपल्या जोडीदाराकडे हात करून म्हणाला. "आम्ही दोघं उचलून बसवतो ताईला."

तिनं पदर आवळून घेतला. "हात नोका लावू भाऊ. चढतो ना मी." मग माझ्याकडे वळून, "माह्या चपला दे."

"नाही आणल्या."

"मी त टाकल्या होत्या पिशवीत."

तिनं खुर्चीतून वाकून पहिल्या पायरीला तळवा लावला आणि लगेच उचलला. दुपारच्या उन्हानं लोखंड तापलं होतं. तिची नजर माझ्या पायांकडे गेली.

"तुह्या दे मंग."

मागे रांग लागली होती. कुणी तरी म्हणालं, "चला ना लवकर." मी रांगेकडे पाहिलं. किती लोक बघताहेत, ते पाहिलं. मला वाटतं, क्षणभरच. पण ताई तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी वाकून चपला काढल्या, तोवर तिनं आपल्या हातानं चाक फिरवून खुर्ची वळवली होती.

"राहू दे. चहा पाज."

मी तिथे अनवाणी उभा, चपला हातात. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती ताईच्या मागे गेली.

घरी आल्यावर दार लोटताच ताईला आपल्या चपला दिसल्या. त्या कुणी ठेवल्या, हे तिनं विचारलं नाही. हातांत घातल्या आणि चुलीकडे गेली.

पुन्हा जाऊ, असं वर्षभर माझ्या ओठांवर यायचं. चपलांचं काय सांगायचं ते सुचायचं नाही, म्हणून तेही राहून जायचं. पुढच्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं, तेव्हा मी विचारलं, "काय पाह्यजे ताई?"

"साडी आन," ती म्हणाली. "कोनतीबी."