आर्वोंच्या पडद्यावरची बोट

मार्लिस तुओमिनेनला गप्प बसलेलं चित्र बघवत नाही. अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलुथ गावात तिनं केलेली पहिली वेबसाइट गळ आणि आमिषं विकणाऱ्या दुकानाची. त्यात मासा शेपटी हलवायचा, आणि गिऱ्हाईक किंमत बघायचं सोडून माशाकडेच बघत बसायचं. दुकानदार कुरकुरला, पण मासा काही त्यानं काढू दिला नाही. तेव्हापासून गावात कुणाच्या बेकरीच्या पानावर वाफ निघते, कुणा न्हाव्याच्या पानावर कात्री चालते, ते सगळं हिचंच.

नुसतं हलवणारे छप्पन्न असतात म्हणा. मार्लिसची ऐट वेगळीच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टाकून दिलेले जुने संगणक तिनं खिडकीत ओळीनं मांडलेत. नवं पान आधी या म्हाताऱ्यांपुढे हजर करायचं. ते अडखळले, धापा टाकू लागले, की पान मागे घ्यायचं आणि चित्रं कमी करायची. "नव्या यंत्रावर गाढवसुद्धा पळतं," असं ती सगळ्यांना ऐकवायची. खोटं नाही ते. आमच्याकडे यंत्र चालतंय तोवर कुणी बदलत नाही, आणि बंद पडलं तरी एकदा चापट मारून बघतात.

त्या वर्षी बंदराच्या संग्रहालयानं तिला मोसमातल्या पहिल्या बोटीचं पान करायला दिलं आणि बाई हवेतच चालायला लागली. हिवाळाभर गोठलेलं सरोवर मार्चमध्ये मोकळं होतं. पहिली खनिजाची बोट उचलत्या पुलाखालून आत येते तेव्हा अख्खा गाव बंदरात शिरणाऱ्या कालव्यावर लोटतो. त्यातून या खेपेला त्या बोटीवर तिची धाकटी बहीण सेन्या होती, नवीकोरी अधिकारी.

डोंगरउतारावरच्या घरात त्यांचे वडील आर्वो एकटेच राहत. जन्म बोटींच्या इंजिनाशेजारी गेलेला. त्यांची बोट बंदरात शिरायची तेव्हा त्यांची बायको ओसरीवरचा दिवा तीनदा लावून विझवायची. उतारावरच्या घराघरांची ही रीतच आहे. पण बोटीवरून आर्वोंचं घर दिसतं ते दोन धान्यकोठारांच्या फटीतून, जेमतेम क्षणभर. दिवा त्याच वेळी लागला तर उपयोग. आता बायको राहिली नव्हती, सेन्याला दिवा आर्वोंनाच दाखवायचा होता, आणि नजर अशी झालेली की अंगणापलीकडे सगळं धूसर. संगणक मात्र नाकाशी धरून दिसायचा.

मार्लिसच्या पानावर त्यांचा सगळा जीव लागला होता. खरी बोट बाहेरच्या तरंगत्या खुणेशी आली की तिचा वेग पानाला कळायचा, आणि तिथून चित्रातली बोट तिच्याबरोबरीनं चालायची. फटीशी आली की आर्वोंनी दिव्याचं बटण दाबायचं.

"बाबा, मी फोन करीन की," मार्लिस म्हणाली.

"फोन उचलू की दिवा लावू? आणि माझ्या पोरीला दिवा मी दाखवणार. कुणी ढोसणी दिली म्हणून नाही."

सेन्याची बोट यायच्या आदल्या दिवशी बर्फ फोडणारं सरकारी जहाज परत येणार होतं. रंगीत तालीम आयतीच मिळाली. मार्लिस आपल्या कामाच्या खोलीत पडद्यापुढे बसली. लाटा उसळताहेत, पक्षी घिरट्या घालताहेत, पूल वर चढतोय, आणि जहाज पुलाखाली शिरलं त्याच क्षणी बाहेर खरी शिट्टी घुमली. ती खुर्चीतून उठून नाचलीच. नाच संपतो न संपतो तोच वडिलांचा फोन.

"आलं का गं जहाज आत?"

"केव्हाच. शिट्टी ऐकली नाहीत?"

"ऐकली. इथे मात्र ते अजून सरोवरात लोळतंय. आत्ता कुठे फटीशी आलं, तेव्हा दाखवला दिवा. बदकांनी बघितला असेल." मग म्हणाले, "तुझी आई कधी चुकली नाही."

मार्लिसच्या तोंडचं पाणी पळालं. तशीच गाडी काढून ती डोंगरावर गेली. वडिलांचा संगणक तिच्या खिडकीतल्या सगळ्यांचा आजोबा शोभेल असा. जहाजाचा मघाचा प्रवास तिनं त्यावर पुन्हा चालवला आणि शेजारी घड्याळ ठेवलं. अडखळत काहीच नव्हतं. जहाज लोण्यातून सुरी जावी तसं सरकत होतं, फक्त उशिरा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पडद्यावरची हालचाल म्हणजे भराभर एकामागून एक काढलेली चित्रं, आणि प्रत्येक चित्राला बोट एक पाऊल पुढे, असं तिनं लिहिलं होतं. जुनं यंत्र तेवढ्या वेळात चित्रंच कमी काढणार, मग पावलंही कमी. एवढी वर्षं ती म्हाताऱ्यांना एकच विचारत आली होती, धाप लागते का? वेळेवर पोचलात का, हे काही तिनं विचारलं नव्हतं.

"बाबा, चूक माझी आहे."

"ते कळलं. ब्रेड खा आणि दुरुस्त कर."

वेलदोड्याचा ब्रेड खात तिनं बोटीला पावलं मोजायची सोडून घड्याळ बघायला शिकवलं. बोट वेळेवर आली खरी, पण आता उड्या मारत. मार्लिसला ते बघवेना. मग पानानंच आधी यंत्राची नाडी बघायची आणि झेपत नसेल तर ओझं उतरवायचं, अशी सोय केली. आर्वोंच्या पडद्यावरून पक्षी गेले, लाटा गेल्या, बर्फ गेला. महिनाभर जीव ओतून काढलेले पक्षी उडवताना तिचा हात अडला.

"उडव," आर्वो म्हणाले. "पक्ष्यांना कोण दिवा दाखवतंय?"

राहिली एक बोट आणि एक पूल. बोट पुन्हा मऊ चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कालव्यावर मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. संग्रहालयाच्या मोठ्या पडद्यावर मार्लिसचे पक्षी झोकात उडत होते, पोरं टाळ्या पिटत होती, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पूल चढला. बोटीचं लांबलचक काळं अंग कालव्याशी आलं. मार्लिस मुद्दाम कोठारांच्या फटीसमोर उभी होती; तिनं सरोवराकडे पाठ केली आणि डोंगराकडे बघत राहिली. उतारावर घरंच घरं, त्यात एक अंधारी ओसरी. बोटीचं नाक कोठारांच्या रेषेत आलं, आणि ओसरी तशीच काळी.

मग दिवा लागला. विझला. लागला, विझला, पुन्हा लागला, विझला.

बोटीनं उत्तर दिलं. एक लांब शिट्टी, दोन आखूड. छातीत धडधडावं एवढी मोठी. पुलानंही आपली शिट्टी देऊन साथ दिली. मार्लिसनं शेजारच्या अनोळखी बाईला कडकडून मिठी मारली आणि त्या बाईनं काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

खिशातला फोन वाजला.

"दिसला का गं दिवा?"

"दिसला बाबा. अगदी वेळेवर. शिट्टी ऐकलीत ना?"

"ऐकली. तरी तू सांग."

मार्लिस गर्दीतून बाजूला झाली, एका कानावर हात ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.