उंच बांधलेला ओटा

माझी मान लग्नानंतर दुखायला लागली आणि दुखतच राहिली. एखादं दुखणं इतकी वर्षं टिकलं की ते घरातलंच होऊन जातं. त्याची कोणी चौकशी करत नाही आणि आपणही कोणाला सांगत नाही. शाळेच्या ऑफिसात संगणकापुढं बसलं की दुपारपर्यंत उजव्या खांद्यात कळ उठायची आणि कानामागून चढत डोळ्यापर्यंत यायची. बाम झाले, पट्टा झाला, बिनउशीचं झोपून झालं. हाडं बसवणाऱ्या एका वस्तादानं मान कडाकड मोडून दिली, तर पुढचे कितीतरी दिवस मागं बघायचं म्हटलं की मला अख्खं वळावं लागत होतं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी ‘वयोमानाप्रमाणे झीज’ असं लिहून दिलं. ते वाचून माझं डोकं फिरलं. दुखणं सुरू झालं तेव्हा माझं वय होतं तरी किती?

शेवटी शाळेतल्याच एका बाईंनी राजारामपुरीतला पत्ता दिला. खाली पिठाची गिरणी आणि वरच्या खोलीत हातानं उपचार करणारी एक मुलगी. बिद्रीकडची, फिजिओथेरपी शिकलेली, माझ्या लेकाच्या वयाची. खाली दळण सुरू झालं की वर टेबल बारीक थरथरायचं. तिच्याकडं तेल नव्हतं की यंत्र नव्हतं. तिनं समजावलं की स्नायूंवर एक पातळ आवरण असतं, त्याला फॅशिया म्हणतात, ते डोक्यापासून तळपायापर्यंत सलग असतं आणि एका जागी आखडलं की भलतीकडंच ओढ बसते. मी नुसतीच मान डोलावली, तेव्हा म्हणाली, “काकू, मटण धुताना हाताला पांढरा पापुद्रा लागतो बघा, तो.” कोल्हापुरात यापुढं काही शिकवावं लागत नाही.

ती खांद्याच्या फऱ्याखाली बोटं ठेवायची आणि काहीच करायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरीचा डोळा लागला. मग केव्हातरी कातडीखालचं काहीतरी सावकाश सरकायला लागायचं आणि तिची बोटं त्याच्या मागून जायची, पुढं कधीच नाही. तिथं जळजळायचं, मग ऊब यायची, मग ते सैल पडायचं. एकदा तिनं बरगड्यांवर हात ठेवला आणि मला रडू आलं. कशाचं ते काही केल्या कळेना. “येतं कधी कधी,” ती म्हणाली. मी डोळे पुसले आणि आमच्या गावची, गडमुडशिंगीची बस किती वाजता आहे ते विचारलं.

उतरताना मान हलकी असायची. पण पुढच्या वेळी जाईपर्यंत सगळं जसंच्या तसं. असं चार-पाच वेळा झाल्यावर ती वैतागली. “काकू, इथं मी सोडवते आणि घरून तुम्ही परत बांधून आणता. करता तरी काय?”

तिनं छताच्या हुकाला दोरा बांधला आणि त्याला खाली वजन लावलं. मला ओळख पटली, हा तर ओळंबा. आमचे मालक गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायचा हा दोरा आमच्या घरात दाराआड कायम टांगलेला असतो. तिनं मला दोऱ्याकडं बाजू करून उभं केलं. कान, खांदा, खुबा आणि घोटा एका रेषेत हवा म्हणाली. माझं डोकं दोऱ्याच्या पार पुढं गेलेलं होतं. “आता जेवढ्या आहात तेवढ्या उभ्या राहा,” ती म्हणाली. मी राहिले. ती दोन पावलं मागं सरकली आणि बघतच राहिली.

मी उंच आहे. शाळेत असतानाच ताडमाड वाढले आणि घरच्यांना माझ्या लग्नाची काळजी लागली. मालकांचं स्थळ आलं तेव्हा आमच्याकडं मुलगा-मुलगी शेजारी उभी करून जोडा बघायची पद्धत होती. मामीनं साडी सारखी करताना कानात सांगितलं, “पोक काढून हुबी ऱ्हा. खांदं पाड.” मी पोक काढलं आणि लग्न जमलं. मग ते सोडणार कधी? मालक बुटके, आणि गावाच्या तोंडाला कुलूप नाही. पारावर कोणी “वैनीशी बोलायला शिडी लावतोस काय रं?” असं म्हटलेलं मला चाललं नसतं. म्हणून वाकून राहिले, इतकंच. पुढंपुढं ते वाकणं आहे हेसुद्धा विसरून गेले.

यातलं मी तिला काही सांगितलं नाही. तिनं घरच्या कामाचं विचारलं, तेव्हा ओट्याचं मात्र सांगितलं. आमचा ओटा उंच आहे. भाकरी थापताना माझे खांदे कानापाशी जातात. ओटा मालकांनी स्वतःच्या हातानं बांधला, लग्नानंतर दोन खोल्या काढल्या तेव्हा. सासूबाईंना तर चहा ठेवायला पाटावर उभं राहावं लागे. “लोकांची घरं बांधतंय आणि सोताच्या घरात माप चुकलंय,” असं त्या येईल त्या पावण्याला सांगायच्या. भावकीत अजूनही तो विषय निघतो आणि मालक “चुकलं की वो” म्हणून हसण्यावारी नेतात. मुलगी म्हणाली, सापडलं! ओटा खाली घ्या, नाहीतर माझे हात फुकट.

मी घरी येऊन तेच सांगितलं. मालक जेवत होते. “वट्याला हात लावायचा न्हाय,” ते म्हणाले. मी कारण विचारलं. त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. मग मात्र माझा तोल सुटला. बायकोची मान गेली तरी चालेल पण गवंड्याचं माप मोडायचं नाही, असली घमेंड काय कामाची, असं बरंच बोलले. त्यांनी ताट धुतलं, थापी पिशवीत घातली आणि कामावर गेले. पुढचे काही दिवस आमच्यात चहा-जेवणापुरतंच बोलणं होतं.

ओटा खाली येत नाही म्हटल्यावर मुलीनं निराळं काढलं. निदान घरात कोणी नसताना तरी ओळंब्यात उभ्या राहा, म्हणाली. मी राहू लागले. मालक सकाळी दूध आणायला बाहेर पडले की पाठ भिंतीला लावायची, मान मागं घ्यायची, तशीच उभी राहायची. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं. नंतर सवय झाली.

एके सकाळी तशीच जाऊन भाकरी थापायला घेतली. दोन भाकऱ्या झाल्या तरी खांदे वर गेले नाहीत. कोपर जिथं वाकायला हवा तिथंच वाकत होता, आणि हात वरून सरळ परातीत पडत होता. मी थांबले. जरा पोक काढून बघितलं, ओटा उंच. सरळ झाले, ओटा बरोबर. तिसरी भाकरी तव्यावर होती आणि मी तिथंच खुळ्यासारखी वरखाली होत होते.

एवढ्यात मालक दुधाची किटली घेऊन आत आले. मी वाकले नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं टक्कल वरून दिसलं.

“ह्यो वटा उंच का बांधलासा?” मी विचारलं.

“उंच कुठं हाय? तुझ्या मापाचा हाय की.”

“आन् माझं माप कुणी सांगितलं तुम्हाला? मी तर कायम वाकून...”

“झोपल्यावर कोण वाकतंय व्हय?” ते म्हणाले.

“मग बोलला का न्हाईसा?”

“तू बोललीस?”

त्यांनी किटली ओट्यावर ठेवली, करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि दुधात कुस्करून खायला बसले. मान अजूनही थोडी दुखते. झीज खरीच असेल. पण त्या सकाळी मला पुन्हा रडू आलं, आणि या वेळी ते कशाचं हे मला ठाऊक होतं.